गुणी बाळाचे बक्षीस

ता. ११ जानेवारी १९३६, शनिवार

आज बालसंगोपन केंद्रात मुलांची वजने केली आणि पुन्हा तेच कोडे समोर आले. जे मूल रात्रंदिवस आकांत करते, आईला धड जेवू देत नाही, ते दर खेपेस काट्यावर भर घालते. आणि 'फार गुणी हो, आवाज म्हणून नाही' असे ज्याचे कौतुक, ते तसूभर पुढे सरकत नाही. घरोघरी हे पाहिलेले असते. लोक दैवावर घालतात आणि मोकळे होतात.

वास्तविक उत्तर सोपे आहे. भूक लागली की मूल रडते, रडले की आई पाजते, पाजले की ते वाढते. रडणेच थांबले, तर भूक आईला कळावी कशी? उरतो प्रश्न एवढाच, की रडणे थांबवले कोणी?

फळ्यावर चित्रे काढून आयांना समजावले. एकजण म्हणाली, "नर्सबाई, तुमाला लेकरू नाय, म्हणून रडनं गोड लागतं!" सगळ्या हसल्या. मीही.

ता. १९, रविवार

शिशुप्रदर्शन. मंडप, सनई-चौघडा, पेढे. सर्व खर्च विडी कारखान्याच्या शेठचा. परीक्षक दोघे: आमच्या कमिटीच्या अध्यक्षीणबाई व दवाखान्याचे डॉक्टर. पहिले बक्षीस, चांदीची वाटी, सकीनाच्या युसूफला. सकीना शेठच्याच कारखान्यात विड्या वळते. मूल पाच महिन्यांचे.

अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "कानाशी चौघडा वाजतोय, आणि हा बघा कसा शांत! याला म्हणतात वळण." टाळ्या.

मी मूल हाती घेतले. जरीच्या झबल्याआड कातडीला सुरकुत्या. मान लुळी. सकीनाला हळूच विचारले. तिने काही लपवले नाही. "सुबह गोली दी ना, बाई. इथं रोया असता तर सबके सामने इज्जत गेली असती."

बाळगोळी. म्हणजे अफू.

डॉक्टरांना बाजूला घेतले. ते म्हणाले, "मला दिसले. पण शेठ समोर बसलेत. आज नको."

दिसले, आणि तरी वाटी दिली!

ता. २०, सोमवार

झोपूनही राग उतरला नाही. संध्याकाळी सकीनाकडे गेले. गोळी येते कोठून? कारखान्यातून. तेथे कोपऱ्यात झोळ्यांची रांग आहे, राखायला एक म्हातारी आहे, आणि गोळ्या मुकादम वाटतो. नियम असा, की ज्या बाईचे मूल रडेल तिने मूल घेऊन बाहेर जावे. मूल निजले की हात चालतो. म्हणजे गोळीही शेठच्या पदरची आणि वाटीही शेठच्या पदरची. आणि व्याख्यानात दोष कोणाला द्यायचा, तर अडाणी आईला!

उठताना सकीना म्हणाली, "पहली बेटी बी ऐसीच चुप थी." ती झोपेतच गेली. तेव्हा कोणी काही सांगितले नाही.

गोळी एकाएकी तोडली तर मूल तडफडते, म्हणून ती पायरीपायरीने उतरवावी लागते. डॉक्टरांकडून प्रमाण ठरवून घेतले. तेवढे मात्र त्यांनी मनापासून केले.

ता. २ फेब्रुवारी, रविवार

गोळी अर्ध्यावर. युसूफ रडतो! सारी गल्ली ऐकते. सकीनाची सासू कपाळाला हात लावून म्हणते, "अच्छा-भला बच्चा था, नर्सबाईने बिगाड दिया." मला ते रडणे ऐकून इतके समाधान वाटले की... असो. काटा किंचित हलला.

मुकादमाला भेटले. पानतंबाखू घरी द्या, सकीना घरी बसून वळील, असे सुचवले. "बाई, तुमी दवाखाना बघा. हितं एकीला दिलं तर समद्या मागत्याल. शेठला इचारतो." विचारलेले दिसत नाही.

अध्यक्षीणबाईंकडेही गेले. "देणगीदारांशी वाकडे नको. तुम्ही आयांना शिकवा, तेवढेच तुमचे काम."

माझे काम! पाळण्यातल्या मुलापासून परकरातल्या मुलीपर्यंत सर्वांची प्रकृती राखणे, हे माझे काम म्हणून मला शिकवले. शाळेत जाऊन दात पाहावेत, उंची मोजावी, नखे कापवावीत. आणि त्याच मुलांना झोळीत कोणी अफू चारत असेल, तर तिकडे पाठ फिरवावी?

ता. १२, बुधवार

गोळी बंद. युसूफ आज माझ्या चष्म्याला झोंबला. हसला.

ता. १५, शनिवार

सकीना धावत आली. युसूफ खांद्यावर लोळागोळा.

"मैंने नहीं दी, बाई! कुरान की कसम!"

सासू चार दिवस मालेगावला गेली आहे, म्हणजे घरात गोळी देणारे दुसरे कोणी नाही. सकाळी झोळीत ठेवला तेव्हा खेळत होता. दुपारी पाजायला घेतला, तर तोंड लावीना. म्हातारी म्हणे, थंडीने सुस्तावलाय. मुकादम हसून म्हणे, "लागलं की वळण!"

डॉक्टरांनी त्याला दिवे लागेपर्यंत जागते ठेवले. मग तो रडला आणि प्याला. डॉक्टर मला म्हणाले, "कारखान्यातच दिली, हे सिद्ध कसे करणार?" मी उत्तर देणार तोच सकीना बोलली. "काम छोडूँ तो खाऊँ क्या? सोमवारी त्याला तिथंच न्यायचंय. डॉक्टर के बगैर मुझे कैसे समझेगा, फिर गोली दी कि नहीं?"

तेव्हा तिला डोळा पाहायला शिकवले. आधी युसूफचा, मग दवाखान्याच्या रांगेतल्या एका निरोगी मुलाचा. दोन्हींतला फरक तिने नीट पाहून घेतला. मग म्हणाली, सोमवारी दुपारच्या सुट्टीत कारखान्याच्या दारात, सगळ्या बायकांदेखत युसूफचे डोळे पाहीन. पुढे मुकादम काय करील, सांगता येत नाही. तिला काढील. पण सगळ्याच आपापल्या मुलांचे डोळे पाहू लागल्या, तर कदाचित एकटीलाच काढता येणार नाही.

बायकांना सांगायचे ते येथे उतरवून ठेवते. मूल जागे असावे. त्याला उजेडात धरून डोळ्यातली काळी बाहुली पाहा. उजेडात ती सर्वांचीच बारीक होते. मग दाराआड, सावलीत न्या. जरा थांबा. पुन्हा पाहा. निरोगी मुलाची बाहुली सावलीत मोठी होते. मोहरीएवढीच राहिली, तर मूल गुणी आहे असे म्हणू नका. त्याला काय दिले आणि कोणी दिले, ते विचारा, आणि मूल घेऊन तडक दवाखान्यात या.