दिवसाची लाईट

३ नोव्हें., भाऊबीज
कळंबला माहेरी गेले नाही. ह्यांच्या हाताचे टाके ओले आहेत अजून. रात्री कांद्याला पाणी द्यायला गेले आणि बिबट्याने पंजा मारला. मोटारीला लाईट रात्रीचीच, मग दुसरं काय होणार! दादाच डिंगोऱ्याला आला ओवाळून घ्यायला. जेवताना विषय एकच, निवडणुकीला परत उभे राहिलेल्या आमदारांचं, जुन्या साहेबांचं, इन्कम टॅक्सचं रिटर्न. शेतीतून लई उत्पन्न दाखवलंय म्हणे. दादा म्हणाला, "कुठलं बियाणं व्हतं, आमाला बी सांगा म्हणावं." मी हसले. हे हसले नाहीत.

७ नोव्हें.
देवळात बायकांची बैठक. जुने साहेब निवडून येवोत की त्यांच्यासमोर उभे राहिलेले नवे, मागणी एकच. लाईट दिवसा द्या. दोघांच्या सभेत बोलायचं मी, बारावी झालेली म्हणून. जाऊबाई म्हणाल्या, "लई गोड बोलू नको." बघू.

१० नोव्हें.
धाकटे भाऊजी चाकणहून सुट्टी टाकून आलेत, रात्री पाणी तेच बघतात. बिबट्या लांब राहावा म्हणून बांधावर मोबाईल मोठ्याने लावून ठेवतात. आधी कीर्तन लावायचे. आता बातम्यांतली रिटर्नवरची भांडणं. "वहिनी, कीर्तनात बुवा मधी थांबतो. हे न्हाई थांबत." साहेबांच्या रिटर्नचा आम्हाला झालेला उपयोग एवढाच.

१४ नोव्हें.
नवे साहेब आले. मी माईकपाशी पोचते तोच मागून पोरं ओरडली, "रिटर्नचं सांगा, साहेब!" सांगितलं की. मीठमसाला लावून. वर स्वतःच्या रिटर्नची फाईल उघडून दाखवली. टाळ्या. टाळ्यांत आमच्या जाऊबाईपण! शेवटी मला म्हणाले, "ताई, तुमचं काय?" सांगितलं. "लेखी द्या," म्हणाले आणि गाडीत बसले. घरी येऊन भांडी आपटली. राग कुणाचा, कुणावर निघाला.

१६ नोव्हें.
आज जुने साहेब. बदनामी, चौकशी करा, माझ्या आईची शपथ... डोळ्याला रुमाल. बायकांचेही डोळे भरले. माईक काही खाली आलाच नाही. लाईटचं मनातच राहिलं.

२० नोव्हें.
मतदान केलं. कुणाला, ते इथेही लिहीत नाही. आनंद कसलाच नाही.

२२ नोव्हें.
उद्या निकाल. चहाच्या टपरीवर अजून रिटर्नच चाललंय.
वायरमनचा मेसेज आला, पुढच्या आठवड्यातही लाईट रात्रीचीच. भाऊजींची सुट्टी संपली, सकाळच्या एसटीने गेले. ह्यांची जखम भरलीय. विचारलं, सोमवारी जाल ना पाण्याला? भिंतीकडे बघत म्हणाले, "मला भ्या वाटतं." लग्न झाल्यापासून ह्यांच्या तोंडून असं मी ऐकलं नव्हतं.
म्हटलं, मी जाते. वाटलं, नको म्हणतील.
म्हणाले, "माझे बूट घालून जा."