दहावे नाव घेताच यंत्र उण्यात गेले

आदिलाबाद, २ मे १९९३

ती. शामराव दाजींस नागोरावाचा साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? मुधोळला ऊन फार असेल.

कालची ताजी बातमी अशी, की माझ्या कुमुदच्या लग्नाला घरची दहा माणसे जीपगाड्यांतून मंचेरियलला नेण्याच्या एकूण रीती उणे पंधरा हजार सत्याण्णव आहेत. संगणक वर्गाच्या धोंडीबा सरांनी छापील कागद हातात दिला, म्हणजे खात्रीच.

झाले असे, की कोण कोणाबरोबर बसेल ते ठरेना, म्हणून जीपवाल्याला गाड्या किती ते सांगता येईना. सर म्हणाले, यंत्रात तयार फंक्शन आहे; माणसे किती ते सांगा, गट पाडण्याच्या रीती ते मोजून देते. (जीपवाल्याला उत्तर लगेच हवे होते, मला उशिराला सांगायला कारण हवे होते.) एक माणूस, एक रीत; दोन माणसे, दोन रीती; तिघांच्या पाच, चौघांच्या पंधरा. नऊपर्यंत यंत्र शहाण्यासारखे वागले, एकवीस हजारांवर गेले. दहावे नाव घेतले आणि आकडा उण्यात. दहावे नाव आपले होते.

कागद ताराअक्काला (माझी बहीण व आपल्या सौभाग्यवती, तिच्या वांग्याच्या भरताला आपल्या आईच्या हातची चव नाही, असे आपण पाहुण्यांसमोर म्हणाल्यापासून माहेरीच आहे) वाचून दाखवला. ती म्हणाली, "यंत्रालेबी कळते गा नागू! हा माणूस आला का समदं उण्यात. काऊन बोलावून राह्यला त्याले?"

सरांनी आज खुलासा केला, की उत्तर ठेवायची जागा लहान पडली होती; आकडा तीत मावला नाही, की उलटून उण्यात जातो. मोठी दिली तर आकडा एक लाख पंधरा हजार नऊशे पंच्याहत्तर आला. अक्का म्हणते, कालचाच बरोबर होता.

आपला,
नागोराव

ता. क. बाकीची आठ माणसे कापसाच्या ट्रकमधूनही यायला तयार आहेत. अडले आहे ते आपण आणि अक्का यांच्यापाशी. आमच्याकडे पहिली हळद आत्या आणि आतोबांनी जोडीने लावायची असते, हे आपणास सांगायला नको. कुमुद रोज विचारते. गुरुवारच्या सकाळच्या बसने यावे, आणि भरताबद्दल एक शब्द अक्काजवळ बोलावा.

ता. क. दुसरे: गुरुवारी सकाळी अक्का भाजी आणायला बसस्टँडकडे जाणार आहे. भाजीबाजार उलट्या बाजूला आहे. जीप एकच सांगितली आहे.