नेहमी याच प्रोग्रॅमने उघडा

३ फेब्रुवारी, सकाळ
रोजनिशी आजपासून सुरू. जानेवारी तयारीत गेला.

पहिलं काम हाती घेतलंय ते बायकोसाठी. ही रोज सकाळी चहाचा कप घेऊन कॉम्प्युटरपुढे बसते आणि तिच्या आईचा एक फोटो उघडते. सासूबाई आमच्याकडेच राहायच्या. ऑगस्टमध्ये वारल्या. म्हातारपणी कॅमेरा दिसला की तोंडापुढे हात धरायच्या, त्यामुळे तेव्हाचे फोटो थोडेच. शेवटच्या वर्षात हिने लपूनछपून मोबाइलवर काढलेले, तेवढेच. ही एकुलती एक, त्यामुळे दुसऱ्या कुणाकडेही नाहीत. मी ते सगळे शिस्तीत कॉम्प्युटरवर घेतले, एका फोल्डरमध्ये लावले आणि मोबाइल रिकामा करून दिला. नीटनेटकेपणा अंगातच असावा लागतो.

अडचण अशी, की फोटो उघडायला फार वेळ लागतो. गोल चक्र फिरत राहतं, ही बघत राहते, चहा गार होतो. ती तक्रार करत नाही. पण नवऱ्याचं लक्ष असतं. फोटो ज्या प्रोग्रॅममध्ये उघडतो तो प्रोग्रॅमच बदलायचा, असं ठरवलं आहे. साधं काम आहे.

४ फेब्रुवारी
ऑफिसात पासवर्डला सहज विचारल्यासारखं विचारलं. पासवर्ड म्हणजे आमचा कॉम्प्युटर सांभाळणारा. कितीही मागा, देत नाही, म्हणून हे नाव. फोटो बघायला कुठला प्रोग्रॅम चांगला, एवढंच विचारलं. म्हणाला, आहे तो बरा आहे, फुकटचं काही उतरवून घेऊ नका. माझं काही चांगलं होणार म्हटलं की याच्या पोटात दुखतं.

५ फेब्रुवारी, संध्याकाळ
फुकटचा उतरवून घेतला.

चिन्ह छान आहे, एक उघडा डोळा. प्रोग्रॅम बसला तेव्हा तो डोळा एकदा मिटून उघडला. मला बरं वाटलं, कुणीतरी ओळख दिल्यासारखं. प्रश्न बरेच विचारले. मी सगळ्यांना होकार दिला. प्रत्येक ओळ वाचत बसणारा माणूस आयुष्यात मागे पडतो. शेवटी मोठ्या अक्षरांत विचारलं, इथून पुढे सगळे फोटो नेहमी यातच उघडायचे का? त्यावर टिक केली. खाली बारीक अक्षरांत आणखी एक चौकोन होता, त्यावरही केली. त्यातले पहिले दोन शब्द वाचले होते, सुधारणेविषयी होते. सुधारणेला कोण नाही म्हणेल?

फोटो चुटकी वाजवायच्या आत उघडला. हिला हाक मारली. वा, म्हणाली. मला जास्त अपेक्षा होती. मग जरा थांबून म्हणाली, आई आज बरी दिसतेय. कोपऱ्यात एक ओळ आली: आणखी सुधारणा शक्य आहे.

६ फेब्रुवारी
एक गंमत. फोल्डरमधल्या सगळ्या फोटोंवर आता तोच डोळा आलाय. फोल्डर उघडला की रांगाच्या रांगा माझ्याकडे बघतात. सवय होईल.

९ फेब्रुवारी
ही म्हणाली, आईच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं कुठे गेली? समजावून सांगितलं की जुना प्रोग्रॅम मळका होता, चष्मा पुसल्यावर जग कसं दिसतं, तसंच हे. तिला पटलं. म्हणजे ती काही बोलली नाही.

१३ फेब्रुवारी
घराच्या गॅलरीत काढलेल्या फोटोत सासूबाईंच्या शेजारी खालच्या मजल्यावरच्या काकू उभ्या होत्या, असं हिचं म्हणणं. फोटोत काकूंचं कोपर आहे. काकू नाहीत. मी म्हटलं, कडेला उभ्या असतील. ही म्हणाली, परवा त्या अर्ध्या होत्या. परवा अर्ध्या आणि आज कोपर, असं कुठे असतं का?

दुसऱ्या एका फोटोत मी होतो म्हणे, पूर्ण. आता माझा खांदा आहे. हिची स्मरणशक्ती पूर्वीसारखी राहिलेली नाही. आईच्या जाण्याचा परिणाम. संकल्प: हिला व्हिटॅमिनच्या गोळ्या आणणे.

१४ फेब्रुवारी
गोळ्या आणल्या. तिने बाटलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि बाटली कॉम्प्युटरच्या टेबलावर ठेवली. अजून तिथेच आहे.

१७ फेब्रुवारी, सकाळ
आज हिने चहा घेतलाच नाही. फोटोपुढे बराच वेळ बसली. मग न वळता विचारलं, अहो, तुम्ही आईला काही केलंत का? आईला! फोटोला म्हणायचं असेल. मी म्हटलं, मला फोटोतलं काही करता येत नाही. हे अगदी खरं आहे. त्यावर ती म्हणाली, तिच्या सुरकुत्या गेल्यात. मी म्हटलं, मग चांगलंच की, सासूबाई चाळिशीच्या दिसताहेत, खूश झाल्या असत्या. ती म्हणाली, चाळिशीतली आई कागदाच्या फोटोंत आहे, अल्बमात. मला माझी म्हातारी आई बघायची असते.

बायकांना समजावणं कठीण. तरी मी मनावर घेतलं आहे. संकल्प: रविवारी एकूण एक फोटो स्वतः तपासायचा.

२२ फेब्रुवारी, रविवार
तपासले. प्रत्येक फोटो उघडला, नीट न्याहाळला, बंद केला. खात्री पटावी म्हणून जेवणानंतर शेवटाकडून पहिल्याकडे पुन्हा तपासले. मग एखादा राहून गेला असेल म्हणून चहानंतर आणखी एकदा. ऑफिसात मी जावक विभागात आहे, तपासणी म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको.

निष्कर्ष: सगळे फोटो विनातक्रार उघडतात. एकही बिघडलेला नाही. उलट, सकाळपेक्षा संध्याकाळी जास्त एकसारखे वाटले.

ही दिवसभर दुसऱ्या खोलीत होती. मी निकाल सांगितला तेव्हा म्हणाली, बरं.

२५ फेब्रुवारी
ऑफिसात नवीन ओळखपत्रं करायची आहेत, सगळ्यांचे फोटो आलेत. पासवर्ड रजेवर. विभागप्रमुख मॅडमनी विचारलं, कुणाला जमेल का? मी उभा राहिलो. विभागाच्या कॉम्प्युटरवर डोळा बसवला. पाच मिनिटांचं काम. मॅडम म्हणाल्या, तुम्हाला एवढं येतं हे माहीत नव्हतं. मी नुसता हसलो.

२७ फेब्रुवारी
पहिली छपाई. हिशेब विभागातल्या बाई स्वतःचा फोटो बघून इतक्या हरखल्या की त्यांनी चौघींना नेऊन दाखवला. पण नावांत चुका निघाल्या, म्हणून सगळी कार्डं पुन्हा उघडावी लागली. मग हुद्द्यांत. मग मॅडमना निळ्या पट्टीऐवजी हिरवी पट्टी हवी झाली.

४ मार्च
आज नवीन कार्ड दाखवून आत जायचं होतं. गेटवरच्या वॉचमनने कार्ड बघितलं, मला बघितलं, परत कार्ड बघितलं. म्हणाला, साहेब, हे तुम्ही नाही. मागच्याचं घेतलं, म्हणाला, हे पण तुम्ही नाही. रांग रस्त्यापर्यंत गेली. शेवटी त्याने सगळ्यांची कार्डं एकत्र धरली आणि सांगितलं, यातलं कुठलंही घ्या, सगळे एकच माणूस आहेत. माझ्या कार्डावर हिशेब विभागातल्या बाई आत गेल्या. लोक हसले. मीही हसलो. हसता हसता मला घरचा रविवार आठवला. का, कोण जाणे.

५ मार्च
पासवर्ड रजेवरून आला. सगळ्यांसमोर म्हणाला, हे कुणाचे उद्योग? मग मोठ्या आवाजात समजावलं. हा प्रोग्रॅम फोटो उघडला की आपल्या मनाने चेहरा गुळगुळीत करतो, कडा कापतो, आणि बंद करताना मूळ फोटोच्याच जागी ठेवून देतो. जुना राहत नाही. पुन्हा उघडलात की पुन्हा करतो. जितकं बघाल तितकं जातं. बसवताना बारीक अक्षरांत विचारतो, पण ते वाचणाऱ्यांसाठी असतं.

ऑफिसातल्या फोटोंचं काही नाही, लोक पुन्हा आणून देतील. मग त्याने मला विचारलं, आणखी कुठे टाकलंय का हे? मी नाही म्हटलं. डबा उघडला आणि परत लावून ठेवला.

५ मार्च, संध्याकाळ
घाबरण्यासारखं काही नाही. घरी गेल्या गेल्या प्रोग्रॅम परत बदलणार आहे, हिला कळायच्या आत.

घरी आल्यावर: ही कॉम्प्युटरपुढे बसली होती. फोटो उघडा होता. पिठाच्या गोळ्याला दोन भोकं पाडावीत तसं काहीतरी पडद्यावर होतं. केस सासूबाईंचे होते. कोपऱ्यात ओळ आली होती: यापुढे सुधारणा शक्य नाही. हिने फोटो बंद केला. बंद करू नकोस, असं मी ओरडायला हवं होतं.

६ मार्च, सकाळ
ही उठायच्या आत काम केलं. फोटोवर उजवं क्लिक, मग यादी, मग जुना प्रोग्रॅम, मग 'नेहमी'वर टिक. या वेळी सगळं वाचलं. डोळे गेले, जुनी चिन्हं आली. एक फोटो उघडला. गोल चक्र फिरायला लागलं. त्या चक्राला बघून मला भरून आलं. आता सगळं जागेवर येणार.

चक्र थांबलं. तोच गोळा.

सूज उतरायला वेळ लागतोच. एक-दोन दिवस बघायचे नाहीत.

८ मार्च
सूज उतरलेली नाही.

कॉम्प्युटरवर हिने चादर टाकली आहे. धूळ बसू नये म्हणून असेल. सकाळचा चहा ती आता स्वयंपाकघरात उभ्यानेच घेते. भांडत नाही, विचारत नाही. ती भांडली असती तर मला उत्तर देता आलं असतं. उत्तर तयार आहे.

१० मार्च
पासवर्डला गाठलं आणि सांगितलं, माझ्या एका मित्राकडे अशीच अडचण झाली आहे. तो म्हणाला, मित्राचा पत्ता द्या. दिला. तो माझाच आहे हे त्याला माहीत होतं. संध्याकाळी येतो म्हणाला.

१० मार्च, संध्याकाळ
आला. चादर हिने स्वतः काढली. त्याने बरीच शोधाशोध केली. विचारलं, दुसरी प्रत कुठे आहे का? नाही. मोबाइलवर? मी सांगितलं की मोबाइल मी रिकामा करून दिला होता. रिकामा केल्यावर वापरला का? ही म्हणाली, रोज वापरते. त्याने तोही तारेने जोडून बघितला. भाज्यांचे भाव, विजेच्या बिलांचे फोटो निघाले, आणखी काही नाही.

मी त्याच्या बोलण्याची वाट बघत होतो. ऑफिसात एकदा एक चुकीचं बटण दाबलं म्हणून त्याने शिपायाला अर्धा तास सुनावलं होतं. मला तो एक शब्द बोलला नाही. हिला म्हणाला, वहिनी, सॉरी. पाणीही न घेता निघाला. जिन्यात मी त्याला विचारलं, निदान माझं परत बदललेलं बरोबर आहे ना? तो म्हणाला, हो, ते बरोबर आहे.

हे मला मुळीच आवडलं नाही.

१५ मार्च
मला हिची भीती वाटते असं कुणी म्हणेल. तसं नाही. तिच्या गप्प बसण्याची वाटते. घरात दोन माणसं आणि तिसरं कुणीतरी काहीतरी शोधत असल्यासारखं वाटतं. आज ही अल्बम काढून बसली होती. त्यातली बाई तरुण आहे, हसते आहे, ओळखीची नाही. हिने अल्बम मिटला.

१९ मार्च, सकाळ
संकल्प, आणि हा पक्का. फोटो नाहीत तर नाहीत. सासूबाई इतकी वर्षं रोज जेवायला माझ्यासमोर बसल्या. माझी स्मरणशक्ती दांडगी आहे. त्यांचा चेहरा जसाच्या तसा शब्दांत उतरवून काढायचा आणि हिच्या हातात द्यायचा. कॉम्प्युटरवर भरवसा नको, लेखी काम टिकतं. ही खूश होईल. घाईची गरज नाही, दुपारपर्यंत होईल.

कपाळ: मोठं. मध्यम म्हणायलाही हरकत नाही.

डोळे: चष्मा होता. त्यामुळे.

नाक: सरळ. हे नक्की. (नाही. सरळ ते नंतर झालं.)

गाल: गुळगुळीत. खोडणे.

भुवया:

१९ मार्च, दुपार
भुवयांवर अडलो. एवढंच विचारायला स्वयंपाकघरात गेलो. ही भांडी विसळत होती. सहज म्हटलं, आईंच्या भुवया जाड होत्या ना गं? ही म्हणाली, छे, जाड कुठे, अशा होत्या बघा, आणि ओलं बोट स्वतःच्या भुवईवर टेकवलं. बोट थोडं सरकलं आणि थांबलं. तिने डोळे मिटून पुन्हा सुरुवातीपासून बोट फिरवलं. पुन्हा तिथेच थांबलं. नळ वाहत होता. मी बंद केला.

मग ती म्हणाली, अहो, माझ्याही डोळ्यांपुढे आता तोच पडद्यावरचा चेहरा येतो.