तहाच्या पोटावरचं बटण

६ जानेवारी २००४, मंगळवार
शेजारचे अमनभाई कुवेतवरून आले. माझा नवरा रशीद तिकडेच कामाला, त्याने त्यांच्याकडे आमच्या तहासाठी मशीन दिलंय. एक डबा, एक वायर, टोकाला रबरासारखं मऊ बटण. चिकटपट्टीने बाळाच्या पोटाला लावायचं. श्वासाने पोट हललं की बटण दबतं, डब्यावर हिरवा दिवा लागतो. वीस सेकंद हललं नाय तर शिट्टी.
रशीदची अम्मा म्हणाली, पोराला काय रेडिओ समजलात गो?
माझ्या नणंदेचं, निदाचं बाळ गेल्या साली झोपेतच गेलं. अडीच महिन्यांचं. तहा आता दोन महिन्यांचा.
मी काय घाबरत नाय. पण आजपासून दर पाच मिनिटांनी उठणं बंद. मशीन बघेल.

७ जानेवारी
शिट्टी अकरा वेळा. अकरा वेळा तळवे चोळून तहाला उठवला. अकरा वेळा जीव वाचवला.
अम्मा म्हणते, वाचवलास कुठे, रडवलास.

९ जानेवारी, सकाळ
कारण सापडलं. तेल! अम्मा रोज खोबरेल चोळते, पट्टी सुटते, शिट्टी होते. सांगितलं, पोटाला तेल नको. अम्मा भडकली. माझी पाच पोरं तेलावर वाढली, बटणावर नाय, म्हणाली.
शेवटी ठरलं, पोटावर चार बोटं जागा कोरडी ठेवायची.
दुपार. तेल ऐकत नाय. घरंगळतं.

११ जानेवारी
मशीन खरं बोलतं का बघायला बटण माझ्या पोटाला लावलं, श्वास धरला. पंधरापर्यंत टिकले. शिट्टी नाय झाली. म्हणजे मशीन बिघडलंय की मी कमी पडले, कळत नाय. पुन्हा तपासायचं नाय, ठरवलं.
चार वेळा तपासलं.

१३ जानेवारी, मंगळवार
जेवून आडवी झाले ती तीन तास. एकदाही शिट्टी नाय! डोळे उघडले, हिरवा दिवा छान लुकलुकतोय. म्हटलं, आलं मशीन वळणावर.
पाळणा रिकामा.
वायर पाळण्यातून खाली, चटईवर, अम्माच्या पोटाला. अम्मा घोरत होती.
मी किंचाळले. अम्मा दचकून उठली. ओरडू नको म्हणाली, तो अमनच्या आईकडे आहे, ओसरीवर. तेल लावायला बटण काढलं. ठेवून दिलं असतं तर ते बोंबललं असतं, तू उठली असतीस. किती दिवसांनी झोपलीस, म्हणून मीच लावून घेतलं.
अनवाणी पळाले. तहा मांडीवर निपचित. पोटाला हात लावला. काहीच हलेना. तेलाने हात सरकतोय, हात हलतोय की पोट, कळेना.
तेवढ्यात त्याने माझ्या अंगावर धार सोडली. अमनभाईंची आई हसून हसून लोळायची बाकी.

संध्याकाळी
रशीदचा फोन. मशीन चालतं ना, विचारलं. म्हटलं, मस्त, आज तीन तास गाढ झोपले. म्हणाला, म्हणजे आता घाबरत नायस ना?
नाय म्हटलं.
अक्षर वाकडं येतंय. डाव्या हाताने लिहितेय. उजवा तहाच्या पोटावर आहे.