पूर्णेच्या वाटेवरची विहीर

मी धुरपताबाई व्यंकटराव बुधवंत, वय चौऱ्याहत्तर, राहणार पूर्णेकाठी, तालुका जिंतूर, जिल्हा परभणी. गुडघे गेले, बुद्धी जागेवर आहे. कोणी धाक घातला नाही की लाडीगोडी लावली नाही. माझ्यामागे काय व्हावे ते काशीनाथ गुरुजींकडून लिहून घेते.

राहते घर व सगळे रान मुलगा राम यास. बँकेतले पैसे लेक सविता हिला. पितळी घंगाळही तिलाच. सुनेने त्यावर डोळा ठेवू नये.

राहिली विहीर. दुपारी लिंबाखाली बाज टाकून डोळे मिटले, की खालून पाणी चालल्याचे मला कळते. राम म्हणतो, "आई, तुला सपान पडायलंय." पडेना का. येलदरी धरणाचे पाणी सुटून नदी भरली, की चार दिवसांनी माझ्या विहिरीच्या पायऱ्या बुडतात. उन्हाळ्यात नदी आटली, की तेच पाणी जमिनीखालून माघारी फिरते आणि नदीच्या वाळूत झिरपते. कोणाला न सांगता येते, न विचारता जाते.

नदी आणि विहीर यांच्या मधले रान माझी जाऊ बायनाबाई हिचे. एका उन्हाळ्यात मी विहिरीवरची मोटार चालू ठेवली आणि तिने नदीच्या वाळूत खणलेल्या झिऱ्याचे पाणी खाली गेले. बांधावर येऊन म्हणाली, "धुरपते, माझं पाणी वढायलीस!" मी म्हणाले, "नदी काय तुझ्या बापाची हाय?" तेव्हापासून अबोला.

आता तिचा नातू पप्पू त्या मधल्या रानात बोर घेणार आहे. जागाही ठरली. बोरने वाटेतच पाणी ओढले, तर विहीर मरेल. माझ्या मरणाचे मला काही वाटत नाही, तिच्या मरणाचे फार वाटते.

म्हणून अर्धी विहीर मी आजपासूनच बायनाबाईस देते, उरलेली अर्धी माझ्यामागे रामची. अट एकच, दोन्ही रानांत कोणी बोर घ्यायचा नाही. राम चिडला आहे. अरे, स्वतःच्या विहिरीच्या पाण्याची वाट कोण अडवतो? मात्र भांडण मिटले असे कोणी समजू नये.

जिला मिळते तिने साक्ष करू नये, असे वकील म्हणाले. म्हणून बायनाबाई नुसतीच विहिरीत पाय सोडून बसली आहे. इतक्या वर्षांनी आत्ता बोलली, "लय गार हाय गं. माझ्याच रानातनं आलंय."

मी उलट बोलले नाही. गुरुजी, हेही लिहा.

सही: धुरपताबाई व्यंकटराव बुधवंत

साक्षीदार: १. काशीनाथ गुरुजी  २. माणिकराव, वरच्या शेताचे

ठिकाण: विहिरीची पायरी, दोघींची
दिनांक: ३० एप्रिल २०२५