खेकडा घरी गेला

तीर्थरूप ताई,

साष्टांग नमस्कार. (कागदावरच घालतो आहे. प्रत्यक्ष घातला तर उठवायला दोन माणसं लागतील, आणि घरात या क्षणी मी एकटा आहे.) तुझा गुडघा काय म्हणतो? भाऊजींच्या कानाचं यंत्र दुरुस्त होऊन आलं का, की अजून तुझ्या प्रत्येक वाक्याला 'हो, हो' म्हणून ते संसार सुखाचा करताहेत? माझं म्हणशील तर बरं आहे. मध्यंतरी रक्तदाब जरा वर गेला होता. त्याचं कारण पुढे येईलच, आणि त्याला दहा पाय आहेत.

तू विचारलंस की तुझा नातू आता सहा वर्षांचा होईल, त्याला मारामारीच्या आणि साहसाच्या सिनेमांचं वेड लागलंय, तर 'त्यातले कुठले दाखवावेत ते कळव, तुला अनुभव आहे.' अनुभव आहे खरा. पाय घसरून पडलेल्या माणसाला जिन्याचा असतो तसा. तुला माहीतच आहे, लेकीची शनिवारी इस्पितळात दुपारची पाळी असते आणि जावयाचं दुकान नेमकं शनिवारीच चालतं, म्हणून मिरी दुपारी माझ्याकडे येते. (मिरी म्हणजे माझी नात. खरं नाव मोठं आणि गोड आहे, पण तिचा आकार आणि तिखटपणा बघता ते कुणाच्या तोंडात बसलं नाही.) ती येते, मी पडदे ओढतो, लाह्या फोडतो, आणि आम्ही दोघं सोफ्यावर पाय वर घेऊन सिनेमा बघतो. आठवड्यातले इतर दिवस या घरात मी आणि फ्रिज असे दोघेच आवाज करत असतो. त्यामुळे शनिवार हा माझ्या दृष्टीने काय आहे ते तुला वेगळं सांगायला नको.

सुरुवातीला मी पोस्टर बघून सिनेमे निवडत असे. एकदा पिवळ्याधमक बदकांचा निवडला. म्हटलं, यात काय होणार? पहिल्या काही मिनिटांतच पिल्लाची आई वारली. मिरीने माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे विचारलं, "हा लहान मुलांचा आहे?" मग उलट टोकाला जाऊन गाड्यांच्या पाठलागाचा लावला. त्यात पूल कोसळले, हेलिकॉप्टर पेटलं, सतरा जण गच्चीवरून खाली आले, आणि मिरी लाह्या खात बसली होती. तिला एकच काळजी. पाठलागात एका फळवाल्याची गाडी उलटली होती. त्याला कुणी मदत केली का, ती संत्री कुणी गोळा केली, नायकाने निदान 'सॉरी' म्हटलं का? सिनेमा संपेपर्यंत ती त्या फळवाल्याची वाट बघत होती. तो काही परत आला नाही. यावरून मी काहीतरी शिकायला हवं होतं. मी शिकलो नाही, कारण मी लिफ्ट तपासनीस होतो.

हे जरा समजावून सांगतो. आमच्या खात्यात एक शिस्त होती. दुरुस्त केलेली लिफ्ट आधी रिकामी चालवायची. वर, खाली, पुन्हा वर. ती नीट चालली की मगच माणसं आत घ्यायची. मी ठरवलं, सिनेमांचंही तसंच करायचं. शुक्रवारी मी एकट्याने बघायचा, खटकतील त्या जागा हेरायच्या, आणि शनिवारी त्या जागा आल्या की मिरीला म्हणायचं, "मिरे, आजोबांना जरा पाणी आण गं." ती स्वयंपाकघरात गेली की रिमोटचं बटण दाबून सिनेमा पुढे पळवायचा. पद्धत इतकी चोख होती की कधीकधी चांगला थरारक सिनेमा आटोपशीर होऊन एवढाच उरायचा : काही माणसं सामान बांधतात, प्रवासाला निघतात आणि सुखरूप घरी येतात. मध्ये आजोबा फार पाणी पितात.

आता त्या दहा पायांकडे येतो. सिनेमा असा : एक कप्तानबाई, तिचं गळकं जहाज, एक बेट, आणि त्या बेटाची राखण करणारा बंगल्याएवढा खेकडा. नेहमीप्रमाणे शुक्रवारी मी रिकामी फेरी काढायला बसलो. (आता एक गोष्ट तुलाच सांगतो, भाऊजींनाही सांगू नकोस. तशी त्यांना ती ऐकू जाणार नाही.) शेवटी कप्तानबाई हातात कुऱ्हाड घेऊन त्या खेकड्याच्या गुहेत शिरली आणि मी उशी तोंडावर घेतली. चाळीस वर्षं उंच इमारतींच्या दोरखंडांशी झटलेला माणूस मी, पण सोफ्यावर बसून उशीमागून फक्त ऐकत होतो. आधी कडकड, मग करकर, मग एक भयंकर किंकाळी, मग शांतता आणि व्हायोलिनं. उशी खाली घेतली तेव्हा कप्तानबाई जहाजावर बसून टोस्ट खात होती. मी निष्कर्ष काढला की खेकड्याचे तुकडे झालेले असणार, आणि तो भाग कापायचा ठरवला. म्हणजे थोडक्यात, वर न चढता मी लिफ्ट पास केली.

शनिवारी सगळं ठरल्याप्रमाणे झालं. कुऱ्हाड दिसताच मला तहान लागली. मिरी पाणी घेऊन आली तोवर पडद्यावर टोस्ट. तिने पेला माझ्या हातात दिला, पडद्याकडे बघितलं, सोफ्याच्या मागेही एकदा बघितलं.

"आजोबा, खेकडा कुठाय?"

"घरी गेला."

"कुणाच्या?"

"त्याच्या गं! दुसऱ्या कुणाच्या जाईल?"

"कुठे राहतो तो?"

"पाण्यात."

"कुठल्या?"

ताई, आमच्या खात्यात चौकशी वाढू न देण्याची फार चांगली सवय लागते. मी सवयीने म्हणालो, "कुठल्याही."

हा शब्द मी परत घ्यायला तयार आहे, पण आता कोण देतं! त्याच संध्याकाळपासून मिरीने आंघोळ सोडली. दूध पिण्याआधी पेल्यात वाकून बघायची. कपडे धुण्याचं यंत्र सुरू झालं की त्याच्या गोल काचेसमोर मांडी घालून पहारा द्यायची. संडासात जाताना वडिलांना दाराबाहेर उभं करून गाणी म्हणायला लावायची. (जावई सूर सोडून सगळ्या बाबतीत चांगला माणूस आहे. शेजाऱ्यांनी तक्रार केली.) मला यातलं काही माहीत नव्हतं. मी इकडे पुढच्या शनिवारचा सिनेमा तपासत होतो.

मला कळलं ते शाळेच्या पोहण्याच्या शिक्षकांकडून. त्यांनी फोन करून बोलावलं. मी गेलो तर तलावाच्या काठाला पोहायचे कपडे घातलेली आख्खी पहिली इयत्ता भिंतीला पाठ लावून ओळीने उभी. एकही पोर पाण्यात नाही. मिरीने सगळ्यांना सावध केलं होतं. शिक्षक चांगले दणकट, गळ्यात शिट्टी. मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "आजोबा, तुमची नात म्हणते तो खेकडा साधारण केवढा आहे? नाही, म्हणजे मला कळतंय सगळं. पण तिने इतकं बारकाईने सांगितलंय की सकाळपासून मलाही खोल बाजूला जाववत नाही."

त्या संध्याकाळी लेक माझ्याकडे आली. ती शस्त्रक्रियेच्या खोलीतली परिचारिका, आवाज चढवत नाही, हत्यार मागितल्यासारखं बोलते.

"बाबा, तुम्ही तिला नेमकं काय दाखवलंत?"

"अगं, काहीच दाखवलं नाही!"

आणि ताई, हे अक्षरशः खरं होतं. लेक म्हणाली, हे असं चालायचं नाही, पुढच्या शनिवारपासून मिरी चित्रकलेच्या वर्गाला जाईल. मी म्हटलं, चित्रात ती खेकडाच काढेल. ती म्हणाली, "काढू दे. कागदावर राहील." ती गेल्यावर मी लाह्यांचा डबा उघडला, बंद केला, फ्रिजचा आवाज ऐकत बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या इमारतीची लिफ्ट अडकली. आत वरच्या मजल्यावरचे दाताचे डॉक्टर. लोकांनी मला बोलावलं. (निवृत्त झालो हे लोकांना लिफ्ट चालू असेपर्यंतच आठवतं.) कारागीर येईपर्यंत मी दारापाशी उभा राहून धीर देत होतो. म्हटलं, डॉक्टर, घाबरू नका, काही दिसू नये म्हणून दिवा घालवू का? आतून ते ओरडले, "अहो दिवा कसला घालवताय! मला अडकल्याची भीती नाही. पुढे काय होणार ते कुणी सांगत नाही, त्याची आहे!" (खुर्चीत तोंड उघडं ठेवून पडलेल्या मला हे वाक्य त्यांना कितीदा म्हणावंसं वाटलंय. असो.) पण मी तिथेच चपापलो. कसलीही लिफ्ट असो, अडकली तर हळूहळू मजल्याला आणायची, दार उघडायचं, माणसाला बाहेर काढायचं. हे मी जन्मभर पोरांना शिकवलं, आणि स्वतःच्या नातीला दोन मजल्यांच्या मधे लटकवून, वर दिवा घालवून, पाणी पीत बसलो होतो.

लेकीकडे एक शनिवार मागून घेतला. ती म्हणाली, "एकच." तोच सिनेमा पहिल्यापासून लावला. मिरी येतानाच स्वयंपाकघरातून पाण्याचा भरलेला जग घेऊन आली आणि माझ्यासमोर ठेवून म्हणाली, "आता मला पाठवू नकोस." म्हणजे बाईसाहेबांना पहिल्यापासून सगळं कळत होतं. गुहा आली. कुऱ्हाड आली. माझा हात आपोआप उशीकडे गेला. मिरीने ते बघितलं, पण उशी काढून घेतली नाही. उलट नीट माझ्या तोंडावर धरली आणि सांगायला लागली.

"आजोबा, ती आत गेली. खेकड्याने नांगी उघडली. अजून बघू नकोस हं. आता ती कुऱ्हाड उचलतेय... थांब, थांब... अरे! त्याला नाही मारत आहे! त्याच्या पायात जुनी साखळी अडकलीये, नांगराची. ती साखळी तोडतेय. त्याला दुखतंय म्हणून तो ओरडतोय रे. तुटली! बघ आता, काही होत नाही. बघ!"

मी उशी बाजूला केली. तो बंगल्याएवढा जीव वाळूवरून लंगडत, तिरका तिरका चालत पाण्यापाशी गेला, एकदा मागे वळला आणि बुडाला. मग व्हायोलिनं. मिरी म्हणाली, "बघ, घरी गेला. तू सांगितलेलं खरंच होतं." आणि तिने माझ्याकडे असं बघितलं, ताई, जणू मी फार विश्वासू माणूस आहे. मी ते मुकाट्याने घेतलं. न बघता दिलेला दाखला माझ्या आयुष्यात एकदाच खरा निघाला आहे.

लेक घ्यायला आली तेव्हा मिरी माझ्या न्हाणीघरातल्या टबात बसून खेकड्याला आत येण्याचा आग्रह करत होती. जमीन ओलीचिंब. शनिवार माझ्याकडे राहिला. फक्त यापुढे सिनेमा मिरी निवडणार, आणि तो आजोबांना झेपेल की नाही हेही तीच आधी ठरवणार, अशी अट आहे. तिची निवडीची पद्धत सोपी आहे. तलवारी किती, स्फोट किती, हे ती विचारत नाही. विचारते एवढंच, की शेवटी सगळे कुठे जातात ते दाखवतात का. तुझ्या नातवासाठीही तेवढंच बघ, आणि बघताना त्याला पाणी आणायला पाठवू नकोस. माझा सगळा अनुभव एवढाच निघाला.

भाऊजींना नमस्कार, नातवाला पापा.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. : खेकड्याचा दुसरा भाग थिएटरात लागला आहे. मिरीची एक लहान मैत्रीण आमच्याबरोबर येणार आहे, म्हणून मिरीने हुकूम सोडलाय की आजोबांनी आधी रिकामी फेरी काढायची, आणि या वेळी डोळे उघडे ठेवून. जाहिरातीच्या चित्रात खेकड्याच्या मागे आणखी काहीतरी मोठं उभं आहे. तेव्हा हे पत्र खरं म्हणजे सल्ल्यासाठी नसून, तू येत्या शुक्रवारी दुपारी मोकळी आहेस का, यासाठी आहे. गुडघ्याची सबब सांगू नकोस. थिएटरला लिफ्ट आहे, मी स्वतः तपासून आलो.

ता. क. २ : भाऊजींनाही आण. मी मधे बसेन.

ता. क. ३ : हे पत्र मिरीला वाचून दाखवलं. तिला इथे काही लिहायचं आहे म्हणते. जागा सोडतो.

आजी, आजोबाने उशी बाजूला नाही केली. खेकडा पूर्ण जाईपर्यंत तोंडावरच होती. खेकड्याने वळून बघितलं ते पण मीच आजोबाला सांगितलं. तू येताना तुझी उशी आण. आमची त्याने रडून ओली केली. मिरी.