बोललं की अडकतं

३ नोव्हेंबर, सोमवार
पुन्हा तेच. टोलनाका आला की गेममधला ट्रक उचकी लागल्यासारखा करतो. थांबत नाही, पण एक झटका, मग बरा, मग परत झटका. वि.नं, नवऱ्यानं, एवढा दांडगा कॉम्प्युटर जोडून घेतलाय. आत पंखेच पंखे, लाल-निळे दिवे, गणपतीच्या आरासीत सहज खपेल. म्हणे यावर काय वाट्टेल ती गेम चालेल. बाकीच्या राहू देत बाबा, माझा टोमॅटोचा ट्रक तेवढा वेळेत पोचव.

इरा मागून बघत होती. "मम्मा, तू ठीक से चलव ना." नऊ वर्षांची पोर आणि मराठी ही असली. कराडची आजी फोनवर ऐकते आणि कपाळाला हात लावते.

नवरा घरी होता तेव्हा तो खेळायचा आणि मी नावं ठेवायचे. दिवाळीआधी तो तिकडे गेला. तिकडे म्हणजे तिकडेच, सीमेवर कुठंतरी. जागेचं नाव लिहायचं नाही, बोलायचं नाही. आम्ही दोघी इथं जयपूरच्या क्वार्टरमध्ये. आता स्टेअरिंगवर मी. गाडी चालवताना डोक्यातलं भलतंसलतं बंद होतं, म्हणून खेळते. ती अडखळली की डोकं परत चालू.

५ नोव्हें., बुधवार
करून पाहिलं ते: चित्र कमी सुंदर केलं. ड्रायव्हर काढून परत घातला. (यातला ड्रायव्हर म्हणजे ट्रकचा नव्हे, कॉम्प्युटरमधला एक प्रोग्राम, हे कळायला मला सकाळ लागली.) झाकण उघडून ब्लोअर मारला. इथली धूळ म्हणजे विचारू नका, आत वाळवंट होतं. उकाड्याचा आकडा ठीक. वायर बदलली. फरक शून्य.

संध्याकाळी वि.चा फोन. वायफाय नीट येतं ते कॉम्प्युटरच्या टेबलापाशीच, म्हणून तिथंच बसून, स्पीकरवर. इरालाही बोलता येतं. खोकतोय. नेहमीसारखं सगळं सांगत बसला, जेवण, थंडी, कोण कुणाशी भांडलं. मी म्हटलं, अरे हळू बोल. तर म्हणे, "बोल गं बिनधास्त. मराठी कोण समजतंय इथं!"

हे त्याचं लग्नापासूनचं. पठाणकोट असो, जोधपूर असो, भाजीवाल्यासमोर, कमांडिंग ऑफिसरच्या बायकोसमोर आम्ही मराठीत सुटतो. आमची कुलूपबंद खोली आहे ती. जागांची नावं तेवढी घेत नाही. त्याचा खालचा कॅम्प म्हणजे 'वाई', वरचा म्हणजे 'महाबळेश्वर', मधला रस्ता म्हणजे 'पसरणीचा घाट'. नवराबायको फार हुशार!

७ नोव्हें., शुक्र.
झोटवाड्याच्या दुकानात कॉम्प्युटर नेला. पोरगेलसा मालक, त्यानं चालवून दाखवला, तिथं मेला लोण्यासारखा चालला. "मैडम, मशीन तो एकदम फिट है." घरी आणला, टोलनाका, उचकी.

ही ट्रकची गेम खेळणाऱ्यांच्या ऑनलाइन ग्रुपवर विचारलं. पन्नास जणांची पन्नास मतं. एक शेरू भैया म्हणून आहे, फार सभ्य, भाभीजी-भाभीजी करत बोलतो. कुठले, काय करता? मी ठरल्याप्रमाणे सांगितलं, मिस्टर बँकेत. जयपुरात मराठी माणूस म्हणजे एक तर फौजी नाहीतर बँकवाला. फौजी बायकांच्या लेक्चरमध्ये शिकवलंय ते पाळते मी.

८ नोव्हें., शनि.
सुटला प्रश्न! शेरू भैयानं एक ॲप घ्यायला सांगितलं, त्यानं तो तिकडून माझा कॉम्प्युटर चालवतो. स्क्रीनवरचा बाण आपला आपण हिंडत होता. जरा कसंतरी वाटलं. पण म्हटलं, तपासतोय बिचारा, मी तोवर चहा टाकला. परत आले तर म्हणे, हो गया भाभीजी. आणि खरंच! टोलनाका, पाऊस, रात्र, काही असो, ट्रक पाण्यासारखा. इरानं टाळ्या वाजवल्या. आता हे कुणाला सांगू? नवऱ्याला सांगितलं तर म्हणेल, अनोळखी माणसाला कशाला हात लावू दिलास. नाही सांगत.

१० नोव्हें., सोम.
दृष्ट लागली. परत अडकतोय, पण वेगळाच. टोलनाक्याला ठीक. मधेच कुठंही, रिकाम्या रस्त्यावर, झटका.

गंमत म्हणजे बाहेर लिंबावर मोर ओरडला आणि ट्रक गचकला. परत ओरडला, परत गचकला. इरा लोळून हसली. "मम्मा, ट्रक मोर से डरतो!" मीही हसले. कँटोनमेंटातले मोर आहेतच तसे, कुणीही दचकावं.

१२ नोव्हें., बुध.
वि.चा फोन, तिथंच टेबलापाशी. खोकला वाढलाय. मी म्हटलं ज्येष्ठमध चघळ, आणि रात्री छातीला तेल चोळ. "तू ये चोळायला," म्हणाला. इरा बाजूला नव्हती म्हणून बरं. मग म्हणाला, पुढच्या बुधवारी पहाटे वाई सोडतोय, सगळी वरात घेऊन, घाटानं वर महाबळेश्वरला. तिथं नेटवर्क नाही, महिनाभर फोनची वाट बघू नकोस.

मी म्हटलं, घाटात जपून रे. तो हसत होता.

१३ नोव्हें., गुरु.


शेरू भैयाचा मेसेज, सकाळी. कॉम्प्युटर कसा चाललाय वगैरे. आणि शेवटी: "भाभीजी, साहब की खाँसी कैसी है? मुलेठी चूसने को बोलिए."

आधी वाटलं, मीच बोलले असेन. सगळं चॅट वरपासून खालपर्यंत वाचलं. परत वाचलं. खोकला कुठंच नाही. त्याला मी सांगितलंय की मिस्टर बँकेत आहेत. त्यांना 'साहब' हा कधीपासून म्हणायला लागला?

मुलेठी म्हणजे ज्येष्ठमध. ते मी एकाच माणसाला सांगितलं. काल. याच खुर्चीत. मराठीत.

दुपारभर काही सुचलं नाही. डाळ करपली. इरा आली, डबा तसाच परत, एरवी ओरडले असते.

१४ नोव्हें., शुक्र.
इराच्या शाळेत बालदिन, म्हणून घरी एकटी. गेम लावली. सरळ हायवे घेतला, रहदारी बंद. गप्प बसले. ट्रक सुरळीत. एक झटका नाही.

मग तोंड उघडलं. काय बोलावं सुचेना, शुभं करोति म्हटलं. 'कल्याणम्'ला गचकला. थांबले. सुरळीत. परत म्हटलं. गचकला. टाळी वाजवली, गचकला. तोंडावर हात ठेवून बसले, सुरळीत.

म्हणजे आवाज झाला की आत काहीतरी जागं होतं. ऐकतं. ट्रकचं बळ तेवढं कमी पडतं, बस्स. मोराला ट्रक घाबरत नव्हता गं बाई.

देवा. मी काय काय बोलले असेन या खोलीत! वि.शी. आईशी. इराशी. एकटी असताना स्वतःशी. छातीला तेल. आणि बुधवार, आणि पहाट, आणि वरात, आणि घाट. ज्याला ज्येष्ठमध कळतं त्याला घाट कळणार नाही? पसरणीचा घाट कुठं आहे हे नकाशात बघेल, मग म्हणेल, सातारा. हा फौजी साताऱ्याला थोडाच चाललाय. खालून वर जाणारा रस्ता, एवढं कळलं की झालं. माझी माणसं त्या रस्त्यावर असणार आहेत. एकटा वि. नाही, सगळी वरात, गाड्यांचा अख्खा ताफा. शेजारच्या अमृताचा नवरा, आणि नव्यानं लग्न झालेला तो लेफ्टनंट, माझ्या हातची पुरणपोळी खाऊन गेलेला.

१५ नोव्हें., शनि.
इंटरनेटची वायर उपटून परत तेच केलं. मोठ्यानं बोलले, ओरडले, शिव्या घातल्या. अधूनमधून गचकलाच, म्हणजे ते आत अजून ऐकतंय, फक्त पाठवता येत नाही. प्लगच काढला. कॉम्प्युटरवर चादर टाकली. खुळ्यासारखं, पण टाकली. आता घरात कुजबुजत बोलतो आम्ही. इरानं विचारलं, "मम्मा, कोणी सो रहा है क्या?"

एक वाट आहे. सगळं पुसून टाकायचं, फॉरमॅट. संध्याकाळपर्यंत काम. ग्रुप सोडायचा. कुणाला पत्ता लागणार नाही, ना चौकशी, ना वि.च्या नावाला बट्टा. यंदा त्याचं प्रमोशन बोर्ड आहे. बायकोनं अनोळखी माणसाला घरात घेतलं आणि साहेबांनी फोनवर हालचाल सांगितली, एवढं पुरतं माणूस घरी बसवायला. वर्दी हे त्याचं सगळं काही आहे.

आणि पुसलं तर बुधवारी ते घाटात, आणि मी इथं गप्प.

वि.ला विचारता येत नाही. फोन तो करतो, मी नाही. आणि केला तरी काय बोलू, कशात बोलू?

१६ नोव्हें., रवि.
इराला आमेरला न्यायचं कबूल केलं होतं. नेलं. किल्ल्यात कोणीतरी मागून मराठीत बोललं, नाशिककडचं कुटुंब होतं, सहलीला आलेलं. एरवी मी धावत जाऊन कुठल्या, काय, कधी आलात केलं असतं. आज इराचा हात धरून दुसरीकडं वळले. अंगावर काटा आला मराठी ऐकून. हे काय होऊन बसलं!

येताना बसमध्ये ठरलं. नवरा घरी बसलेला चालेल मला. बसलेला पाहिजे.

१७ नोव्हें., सोम.
गेले. युनिट तिकडे असलं तरी इथं मागे राहिलेली तुकडी, रिअर पार्टी असते, तिथले कर्नल साहेब. दारातच उभी राहिले. "आइए मैडम, बच्ची ठीक है?" म्हणाले, आणि मी रडायलाच लागले. छान.

मग सगळं सांगितलं. त्यांनी मधे अडवलं नाही. नंतर म्हणाले, साहब से जो-जो बात हुई, सब बताइए. सब म्हणजे सब. आमचं मराठी मी हिंदीत करून सांगितलं, वाक्य वाक्य. वाई मतलब? महाबळेश्वर मतलब? वरात मतलब? खोकला सांगितला, ज्येष्ठमध सांगितलं, तेल सांगताना जमिनीत जावंसं वाटलं. ते कागदावर लिहून घेत होते, वर बघितलं नाही, तेवढे उपकार.

दोघं घरी आले, कॉम्प्युटर चादरीसकट घेऊन गेले. माझा फोनही नेला, संध्याकाळी परत दिला. त्यात काही आहे का, विचारलं. "अभी यूज़ कीजिए," एवढंच. हे हो की नाही?

"सर, साहब पर आँच आएगी?"
"देखते हैं."
"सर, और बुधवार?"
त्यांनी पेनचं टोपण लावलं. "मैडम, साहब का फोन आए तो नॉर्मल बात कीजिए. इस बारे में एक लफ़्ज़ नहीं."

नॉर्मल!

१८ नोव्हें., मंगळ.
टेबलावर कॉम्प्युटरच्या जागी धुळीचा चौकोन. पुसला नाही.

दिवेलागणीला फोन आला. वि. सवयीनं मी त्याच टेबलापाशी जाऊन बसले. खोकला कमी वाटला. इराशी बोलला, मग म्हणाला, तिला आत पाठव, तुला एक सांगायचंय.

"ऐक. उद्याचं..."

"इराचा पेपर चांगला गेला," मी म्हटलं.

"हो, सांगितलं तिनं. अगं, उद्या..."

"गणिताचा. पैकीच्या पैकी येतील म्हणते."

हसला. "अगं ऐकशील का? बोलू दे की. मराठी कोण समजतंय इथं!"

फोनही ऐकत असेल तर? उद्या काय? निघतोय की थांबवलं? कर्नल साहेबांचा निरोप पोचला की नाही? जगात मला तेवढी एकच गोष्ट ऐकायची होती, आणि ती सांगणारा माणूस फोनवर होता.

"आणि हिंदीचाही चांगला गेला," मी म्हटलं. हिंदीचा पेपर अजून व्हायचाय, हे त्याला माहीत आहे.

त्याचं हसणं थांबलं.

"बरं," म्हणाला. वेगळाच आवाज. "छातीला तेल लावतो मी. ठेवू?"

"ठेव."

बाहेर लिंबावर मोर ओरडला आणि मी दचकून टेबलाकडं बघितलं. इरा दारात उभी. "पापा काय बोलले?"

काही नाही म्हटलं. तिला जवळ घेऊन शुभं करोति म्हटलं, मनातल्या मनात.

उद्या बुधवार.